धाकटीच्या नावाची चिठ्ठी

सोमवारी सकाळी वडील वारले. ते शर्टाची बटणं लावत होते. पलंगावर बसले, आणि उठले नाहीत. नाताळला दोन आठवडे होते.

त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, आमच्या घरात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या होत्या. ही वडिलांची पद्धत. चौघांची नावं चार चिठ्ठ्यांवर लिहायची, तांदळाच्या मापात घालून हलवायची आणि प्रत्येकाने एक उचलायची. स्वतःचीच आली तर परत टाकायची. जिचं किंवा ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी नाताळची भेट आपण घ्यायची, पण कोणाची चिठ्ठी आली ते सांगायचं नाही. भेटीवर देणाऱ्याचं नाव नसे. नाताळच्या सकाळी ते वस्तूवरून ओळखायचं, आणि ओळख बरोबर असेल तर देणाऱ्याने हात वर करायचा.

खरेदीही चौघांनी एकत्र, एकाच दुकानात करायची. जुन्या पनवेलच्या बाजारात एक मोठं जनरल स्टोअर होतं. बांगड्या, खेळणी, वह्या, स्टीलचे डबे, मफलर, सगळं तिथे मिळे. आईला दुकानात पाऊल ठेवलं की डोकेदुखी सुरू व्हायची. गर्दी, भाव करणं, रॉकेलच्या स्टोव्हचा वास. म्हणून वडिलांनी त्या खरेदीचा खेळ केला. वेळ अर्धा तास, दुकानातल्या घड्याळाप्रमाणे. त्या अर्ध्या तासात आपण एकमेकांना ओळखत नाही. वाटेत समोरासमोर आलोच तर दोघांनी पाठ फिरवून दहा आकडे मोजायचे, म्हणजे हातातली वस्तू दिसायला नको. आणि सुरुवातीला वडील गंभीर चेहऱ्याने दुकानदाराला विचारायचे, "हत्तीला बसेल असा स्वेटर आहे का?"

दुकानदार चाचा तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "है ना साहेब. पण बदलून मिळणार नाही. हत्तीला घेऊन या, घालून बघू."

पुढच्या वर्षी जिराफ, त्याच्या पुढच्या वर्षी उंट. आई तोंडाला पदर लावून हसायची. तिचं डोकं त्या दिवशी दुखत नसे.

दफन करून आलो त्या संध्याकाळी आईने मला वडिलांचा चष्मा कपाटात ठेवायला दिला. डबी उघडली. आतल्या कापडाच्या घडीत चिठ्ठी होती. तिच्यावर धाकटीचं नाव होतं.

मी तेव्हा बारावीला होते, धाकटी चौथीत. ती रडली नव्हती, दफनाच्या वेळीही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घर शोधायला लागली. आधी ट्रंकेमागे, मग गाद्यांच्या खाली, मग पिठाच्या डब्यात हात घालून.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"पप्पांनी माझं घेऊन ठेवलंय."

"तुला काय माहीत, त्यांना तुझीच आली होती म्हणून?"

"त्यांनी डोळा मारला होता. आणि ते आधीच घेतात, दुकानात नुसतं घेतल्यासारखं करतात. मागच्या वर्षी तर चिठ्ठ्या टाकल्या त्याच आठवड्यात घेतलं होतं."

वडिलांनी काही घेतलं नव्हतं. त्या आठवड्यात ते रोज ऑफिसातून थेट घरी आले होते, आणि त्यांची बॅग मी स्वतः रिकामी केली होती. हे मी धाकटीला सांगितलं नाही. आईलाही नाही. आईला मी जेवायचीसुद्धा आठवण करून देत होते, तिच्यावर आणखी काय टाकायचं? मी ठरवलं की वडिलांच्या वतीने मीच घ्यायचं. नाव लिहायचं नसतंच. वडिलांनी घेतली असती अशी वस्तू आणायची, ती इतर भेटींत ठेवायची, आणि धाकटी ओळखेल. एवढं मला जमायला हवं होतं, तिच्या नकळत, त्या अर्ध्या तासात.

खरेदीला जायचं की नाही हाच प्रश्न होता. धाकटीने हट्ट धरला. शनिवारी आम्ही खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगचा जिना उतरत होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून उभ्या होत्या.

"बाजारात निघालात? अहो, आज तेरावा दिवस."

"आमच्यात तेरावा नसतो," आई म्हणाली.

"ते झालं. पण वर्षभर सण करू नये म्हणतात. लोक बोलतात हो."

"कोण लोक?"

काकूंनी विषय बदलला. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी दूध घेऊन ठेवू का म्हणून विचारत होते." आईने मान हलवली. रिक्षात ती बाहेर बघत बसली. तिच्या हातातला रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता.

चाचांनी आम्हाला लांबूनच पाहिलं. "या, या! साहेब मागे राहिले काय? यंदा कुठलं जनावर?"

मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "पप्पा वारले. सोमवारी नाही, त्याच्या आधीच्या सोमवारी."

"या अल्ला," चाचा म्हणाले. त्यांनी रेडिओ बंद केला. गल्ल्यामागचं स्वतःचं स्टूल काढून आईसाठी पुढे ठेवलं. "बैठो भाभी. पाणी घ्या." दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. रेडिओ बंद झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता.

"साडेपाच," धाकटी मोठ्याने म्हणाली. "सहा वाजेपर्यंत." आणि ती वह्यांच्या रांगेत नाहीशी झाली.

मला आईची चिठ्ठी आली होती. तिच्यासाठी शाल मी दोन मिनिटांत उचलली. रंगही नीट पाहिला नाही. मग खेळण्यांकडे गेले. वडिलांच्या भेटी एका जातीच्या असत. ज्यातून काही बघता येईल, मोजता येईल, जोडता येईल अशा. धाकटीला मागच्या नाताळला होकायंत्र मिळालं होतं, आणि वर्षभर ती जेवायच्या ताटाची उत्तर दिशा सांगत होती. बाहुली घेतली तर ती लगेच ओळखेल. पत्ते? नाही. रंगपेटी तर आईची रीत. घड्याळ पावणेसहाच्या पुढे गेलं. वर पाहिलं तर आई स्टुलावर तशीच बसली होती. ती काही घेत नव्हती. समोर पुरुषांचे रुमाल मांडलेले होते, तिकडे ती बघतही नव्हती आणि दुसरीकडेही बघत नव्हती.

काचेच्या कपाटात मला भिंग दिसलं. काळ्या दांड्याचं, हाताच्या पंजाएवढं. मी खुणेनेच ते मागितलं.

"हे?" चाचा म्हणाले. "छोटीसाठी? चांगलं आहे. मुंग्या बघेल."

"हळू बोला ना, चाचा."

त्यांनी जीभ चावली. भिंग माझ्या हातात दिलं, आणि मी वळले तर धाकटी तीन फुटांवर उभी होती.

आम्ही दोघी क्षणभर तशाच थांबलो. मग नियमाप्रमाणे दोघींनी पाठ फिरवली. मी भिंग ओढणीत गुंडाळलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. ती मागे मोठ्याने मोजत होती. पाचला मी मान किंचित वळवली. तिच्यासमोर बांगड्यांचं कपाट होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला सबंध आरसा. आरशात तिचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे उघडे होते. पण ते माझ्याकडे होते की बांगड्यांकडे, ते मला कळलं नाही. ती "दहा" म्हणाली आणि निघून गेली.

घरी आल्यावर मी वाट पाहत होते की ती काहीतरी विचारेल. तिने विचारलं नाही. पण तिने शोधणंही थांबवलं. रविवारी तिने एकही डबा उघडला नाही. काकूंनी पाठवलेल्या करंज्या खाल्ल्या, गृहपाठ केला, लवकर झोपली. मी भिंग वर्तमानपत्रात गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. वडील कागदाची घडी कशी घालत ते आठवून तशी घातली. आता मागे फिरायचं असेल तर आजच सांगायला हवं, हे मला कळत होतं. मी सांगितलं नाही.

नाताळच्या सकाळी टेबलावर तीन पुड्या होत्या. आईने शाल उघडली, माझ्याकडे पाहून "तू" म्हणाली. मी हात वर केला. मला दोन वह्या आणि शाईचं पेन मिळालं. मी "धाकटी" म्हटलं, तिने हात वर केला. वडिलांची चिठ्ठी आईकडे होती; ते न सांगताच कळलं.

मग धाकटीने तिची पुडी सोडली. भिंग डोळ्याला लावलं नाही. टेबलावर ठेवलं, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा."

कोणी हात वर केला नाही. खाली कोणीतरी अंगणात बादली ओढत होतं.

"पप्पा," ती पुन्हा म्हणाली. "बरोबर असेल तर हात वर व्हायला हवा ना?"

"बाळा..." आई म्हणाली.

"आणि चूक असेल तर ज्याने दिलं त्याने सांगायचं. ताई, सांग ना. मी आरशात बघितलं. मी चीटिंग केली. आता तू सांग."

माझा हात वर गेला. तो खाली कधी आणायचा ते मला कळेना.

"म्हणजे पप्पांनी घेतलंच नव्हतं."

"त्यांना तुझीच आली होती," मी म्हणाले. "चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या डबीत होती. घ्यायचं राहिलं."

"मग तू शोधू का दिलंस मला? इतके दिवस?" तिचा आवाज फाटला. "मी पिठात पण हात घातला होता!"

आणि ती रडायला लागली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. आईने तिला मांडीवर ओढून घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, पाय जमिनीला टेकत होते. मी जवळ गेले तेव्हा तिने मला पायाने ढकललं, आणि आईने तिला रागावलं नाही. आईने मला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तिला त्रास होऊ नये म्हणून, हे मला आधी खरं वाटत होतं. त्या क्षणी ते खोटं वाटलं. मला ते एकटीने करायचं होतं.

भिंग उन्हाळ्यापर्यंत टेबलाच्या खणात पडून होतं. धाकटी माझ्याशी बोलायची, पण दुसरं कोणी खोलीत असेल तरच. मे महिन्यात एकदा ती गॅलरीत बसून भिंगातून कठड्यावरच्या मुंग्या बघत होती. मी दारात उभी राहिले. तिने मला जा म्हटलं नाही.

चिठ्ठ्या त्यानंतर आम्ही टाकल्या नाहीत. आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. धाकटी सुकापूरला राहते, मी खांदा कॉलनीतल्या त्याच घरात. डिसेंबरात एका शनिवारी आम्ही दोघी बाजारात जातो. ती माझ्यासाठी घेते, मी तिच्यासाठी, एकमेकींच्या समोर, विचारून.