पाळी, पैलवान आणि आमची सारिका

नववीत शाळा सोडली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. माफ करा. शिवाजी पेठेत एका लेडी डॉक्टरांकडं मी पेशंटचे नंबर लावतो. बाकावर बायका बोलत असतात, मी मान खाली घालून बसतो. पण कान कसे खाली घालणार? असे किस्से साठत जातात!

*

पीसीओएस म्हणजे काय, हे मॅडम दिवसातनं दहादा सांगतात. हार्मोन बिघडतात, पाळी लांबते, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. गोळ्यांबरोबर खाणं, चालणं, झोपही सांभाळायची. कसबा बावड्याच्या एका मुलीला त्यांनी गोड कमी करायला सांगितलं. महिन्यानं वजन दोन किलो वाढलेलं. तिची आई ठामपणे म्हणाली, "साखरंला शिवली बी न्हाय. गूळ खाती. घरचा हाय की!"

*

एका सुनेला व्यायाम सांगितला. सासरे जुने पैलवान. त्यांनी पहाटे पाचला सुनेच्या बैठका सुरू केल्या, वर तूप आणि बदामाची थंडाई. पुढच्या वेळी बिचारी कठडा धरून दवाखान्याचा जिना चढली. मॅडम म्हणाल्या, रोज अर्धा तास चालली तरी पुष्कळ. सासरे नाराज.

"चालून कोण पैलवान झालंय व्हय?"

*

नवऱ्यांचं वेगळंच. ओळखू येऊ नये म्हणून एकजण केबिनमध्येही हेल्मेट घालून बसला. मॅडमनी विचारलं, "इथं गाडी कोण चालवतंय?"

मी फार हसलो. हसायला नको होतं.

*

कारण माझ्या बायकोची, सारिकाची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. दर वेळी आई गल्लीत गोड बातमीची कुजबुज करायची आणि सारिका मोरीत जाऊन रडायची. मॅडमना विचारा की, म्हणायची. वर्षभर माझी जीभ रेटली नाही.

एक दिवस ती स्वतःच माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बाक भरलेला. घाबरून मी सवयीनं विचारलं, "नाव?"

"सारिका. नवरा हितंच बसतोय, पण त्याला सांगायला लाज वाटती."

सगळा बाक हसला. तपासणीत पीसीओएसच निघालं. मॅडमनी मला आत बोलावलं आणि विचारलं, "हेल्मेट देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बूट घालून निघालो. गल्लीच्या नळावर बायकांची गर्दी. आईनं दारातनं विचारलं, एवढ्या सकाळी कुठं?

मी मोठ्यानं सांगितलं, "सारिकाला पीसीओएस हाय. फिरायला चाललोय. तू बी चल."

नळाखाली घागर भरून वाहत होती, पण बंद कोण करणार?