रेखाताईच्या नावाचा दिवा

रेखाताईच्या नावानं लावलेला दिवा आज आम्ही पोत्यात बांधला.

ग्रुपमध्ये कोणाला वाईट वाटलं असेल तर वाटू द्या. मी रागातच लिहितोय.

तिथीनं आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मोबाइल वाजतोय. "ताई आता तारा झाली." "ताई वरून आपल्याकडे बघतेय." खाली हात जोडलेले इमोजी.

ताई तारा वगैरे झालेली नाही. कारध्याच्या घाटावर आम्ही तिला अग्नी दिला. मी होतो तिथं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर तिचं स्टेशनरीचं दुकान होतं. दरवर्षी थंडीतल्या एका अवसेला ती करडीच्या पुढे एका गावात, तलावाखालच्या धानाच्या शेतात, म्हणजे बांधीत, कापणी झाल्यावर आकाशदर्शनाचा कॅम्प भरवायची. एक टेलिस्कोप, थोडे टेंट आणि भंडारा-नागपूरहून येणारे आमच्यासारखे हौशी लोक.

खरं सांगू? ताईला तारे फारसे ओळखता यायचे नाहीत. कितीदा तरी तिनं गुरूला शुक्र म्हटलं.

कोणी चूक काढली की म्हणायची, "असंन बाबू. चमकून तर राहिला ना?"

तिला यायचा तो अंधार करता.

कॅम्पच्या तयारीत ती कोणाला बसू द्यायची नाही. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून प्रत्येक टॉर्चवर दुकानातला लाल जिलेटिन कागद, वरून रबरबँड. गाड्या मोहाच्या झाडापाशी बंद करून ढकलत आणायच्या. हेडलाइट लावला की तिच्या शिव्या खायच्या. टेंटखाली धानाच्या पेंढ्याची तणस पसरायची, त्यावर ताडपत्री, म्हणजे जमिनीचा गारवा लागत नाही.

हे सगळं झालं की ती वस्तीत घरोघर जायची.

"काकू, आज राती बाहेरचा बलब बंद ठेवजा."

"काहून वो?"

"तारे पाहाले या. ज्याच्या घरचा बलब बंद, त्याचा पयला नंबर."

हा तिचा कायदा होता. नागपूरचा डॉक्टर असो की मोठ्या कॅमेऱ्याचा फोटोग्राफर, रांगेत मागं थांबायचं. बल्ब बंद करणारी घरं आधी.

गेल्या वर्षी याच तयारीत तिच्या छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, चल, डॉक्टरकडे जाऊ.

"गॅस झाला असंन. तू तणस पसरव."

जरा टेकते म्हणून ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली, आणि उठलीच नाही.

त्याचाही राग आहे मला, ताई. अजून आहे. कॅम्प पुढच्या महिन्यात घेतला असता. अवस दर महिन्याला येते.

आज दुपारी मी ताडपत्र्या घेऊन बांधीत पोहोचलो. तलावाच्या पारीवर, बांधीच्या अगदी वर, नवाकोरा खांब. वर सोलर लाइट. खाली पाटी, "रेखाताईंच्या स्मरणार्थ".

ग्रुपमधल्या एकाला फोन लावला. म्हणे, तुला सरप्राइज द्यायचं होतं.

जी बाई जन्मभर लोकांचे बल्ब बंद करत फिरली, तिच्या आठवणीला तुम्ही लाइट लावता? वर्षानुवर्षं तिच्या तणशीवर लोळलात, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही? त्यातही असा लाइट, ज्याला बटणच नाही. अंधार पडला की आपोआप लागतो.

पैसे ग्रुपचे, खांब उभा केला गावातल्या मनोहरभाऊंनी. बांधी त्यांचीच. मग सगळा राग त्यांच्यावर काढला. वयानं मोठा माणूस, पण मी बोलत सुटलो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई दरसाल अंधारात बसे. आमाले वाटलं, आता तरी तिले उजेड भेटावा."



मी म्हटलं, "भाऊ, तिला अंधारच लागत होता. त्याच्यासाठीच तर ती येत होती."

ते घराकडे निघून गेले. मला वाटलं, माणूस दुखावला. आता बांधीही गेली.

दिवस मावळला आणि लाइट लागला. पांढराफटक. तणस, टेंट, टेलिस्कोप, सगळं लग्नाच्या मांडवासारखं लखलखीत, आणि वर आभाळात काही नाही. लोक भंडारा-नागपूरहून यायला निघाले होते. त्यांना परत जा म्हणून मेसेज टाइप करायला घेतला.

तेवढ्यात मनोहरभाऊ आले. खांद्यावर शिडी, काखेत बारदान्याची पोती.

मी शिडी धरली, ते वर चढले. एकावर एक पोती चढवली, सुतळीनं गच्च आवळली. खाली उतरल्यावर पाटीला हात जोडले.

"झाला ना बंद?"

"झाला, भाऊ."

"मंग पयला नंबर आमचा."

तिथंच मला रडू आलं. वर्षभर आलं नव्हतं. घाटावरसुद्धा नाही.

ग्रुपला सांगतो, हा लाइट उद्या काढून गावात शिरतानाच्या वळणावर लावणार. तिथं त्याची गरज आहे. मनोहरभाऊ हो म्हणालेत. यावर चर्चा नको.

ज्यांना यायचं त्यांनी या. गाडी मोहाच्या झाडापाशी बंद करा. लाल कागद माझ्याकडे आहे.

मनोहरभाऊ टेलिस्कोपला डोळा लावून उभे आहेत. विचारतायत, "हा कोन्ता वो?"

मी शुक्र सांगितलं. बहुतेक गुरू असावा.

ताई, बाहेरचे सगळे बल्ब बंद आहेत. मीही फोन बंद करतो.

नमस्कार.