रंगाऱ्याची भिंत

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. गल्लीत ह्यांना सगळे रंगारीच म्हणतात, आणि ह्यांनाही तेच आवडतं. घर बांधलं तेव्हा खालचा मजला भाड्याने द्यायचं ठरलं. वर आम्ही दोघंच. मूलबाळ नाही, म्हणून खाली माणसांची जाग असावी, एवढीच माझी हौस. पण ह्यांनी खालच्या भिंतींवर जी पुट्टी भरली, जो हात फिरवला, ते बघून मी तेव्हाच मनात म्हटलं, आता भाडेकरूंचं काही खरं नाही.

झालंही तसंच. नवा भाडेकरू आला की हे किल्ली देण्याआधी त्याला भिंत दाखवायचे. "गाल लावून बघा," म्हणायचे. त्या बिचाऱ्यानं गाल लावला की पुढचं वाक्य ठरलेलं, "हिला खिळा लागता कामा नये." मग काय! एका कारकुनाचं घड्याळ फ्रिजवर आडवं पडलेलं, शिंपीणबाईंचं कॅलेंडर कपाटाच्या दाराला चिकटवलेलं. एका सडाफटिंग पोरानं आरसा खुर्चीवर टेकवला होता आणि रोज सकाळी त्याच्यापुढे उकिडवा बसून दाढी करायचा. किती दिवस करणार? सगळे गोड बोलून निघून गेले. घर रिकामं झालं की ह्यांच्या अंगात कोण उत्साह संचारायचा! लगेच पॉलिश पेपर, ब्रश, रंगाचे डबे. मी म्हणायचे, "अहो, भिंतीशी गप्पा मारता येत नाहीत." हे म्हणायचे, "भिंत उलट उत्तर तरी देत नाही." अशा माणसापुढे डोकं कुठे आपटायचं? भिंतीवर आपटलं असतं तर रंग खराब झाला म्हणून ओरडले असते.

मग औषधवाली आली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात कामाला. नवरा ट्रक घेऊन सदा बाहेरगावी, घरी तिचे सासरे, बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. ही पोरगी टिकली. एक खिळा ठोकला नाही, कधी कुरकुर केली नाही. एकदा मी भोवळ येऊन जिन्यात बसले, तर दुकान तसंच टाकून धावत आली होती. पायात चपलासुद्धा नव्हत्या. त्या दिवसापासून ती खाली आहे म्हटल्यावर मला घरात एकटं राहायची भीती वाटेनाशी झाली.

आणि एक दिवस ती वर आली, मान खाली घालून म्हणाली, "काकू, आम्ही घर सोडतोय." का, तर म्हणे सोयीचं पडत नाही. दुकान चार पावलांवर, आणि सोयीचं पडत नाही? खोदून खोदून विचारलं, पण पोरगी काही बोलेना. मी ह्यांच्यावर नुसती धुमसत होते.

सुट्टीच्या दिवशी हे, भाडेकरू जाण्याआधीच्या रिवाजाप्रमाणे, भिंती तपासायला खाली निघाले. मीही मागोमाग गेले. म्हटलं, आज तिला एक शब्द जरी बोलले तरी माझ्याशी गाठ आहे. आत दोऱ्यांनी बांधलेली खोकी रचून ठेवलेली. हे सरळ आतल्या बोळात गेले आणि थबकले.

सासऱ्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक काळपट, तेलकट पट्टा उमटला होता.

"हे काय?" ह्यांचा आवाज चढला. "किती घासलं तरी निघायचं नाही हे! सबंध भिंत नव्यानं..." बोलता बोलता ह्यांची नजर पुढे गेली. न्हाणीघराच्या जरा अलीकडे तो पट्टा तुटला होता. तिथून चार बोटांचे ओरखडे खाली घसरत जमिनीपर्यंत गेले होते. हे गुडघे मोडून खाली बसले. त्या ओरखड्यांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली.

"इथं पडले का ते?"

"दोनदा," औषधवाली म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार, काका? आधाराला दांडा लावायचा तर भिंतीला भोकं पाडावी लागतात." ती न्हाणीघराच्या दाराकडे बघत होती. "आता मी त्यांना धरून नेते आणि दार अर्धवट उघडं ठेवून बाहेर उभी राहते. सुनेनं उभं राहावं याची त्यांना इतकी लाज वाटते, की ते दिवसभर पाणीच पीत नाहीत. नव्या घरात दांडा लावलेला आहे. दुकानापासून लांब आहे, पण आहे."

हे उठले आणि चालते झाले. मला वाटलं, भिंतीचंच दुःख घेऊन गेले. असा संताप झाला माझा! पण थोड्या वेळानं परत आले ते काखेत स्टीलचे दोन दांडे, एक लांब, एक आखूड, आणि हातात ड्रिल मशीन घेऊन.

सासरे खोलीच्या दारात उभे होते. मान ताठ. "मी चालत्या बसमध्ये काही न धरता तिकिटं फाडलीत. मला नको दांडा."

"तुमच्यासाठी कोण लावतंय?" हे खेकसले. "तुम्ही माझ्या भिंतीला हात लावू नये म्हणून लावतोय. सरळ उभे राहा, कोपराची उंची घेऊ द्या."

सासरे चक्क उभे राहिले! ह्यांनी पेन्सिलीनं खूण केली, ड्रिल लावलं, पण क्षणभर हात काही पुढे जाईना. मग डोळे बारीक करून बटण दाबलं. भुरभुर पांढरी भुकटी खाली पडायला लागली. भोकामागून भोक पाडत गेले, आखूड दांडा न्हाणीघराच्या आत, लांब बोळात. शेवटचा स्क्रू आवळला आणि बोळातल्या दांड्याला धरून, पाय दुमडून स्वतः लोंबकळून पाहिलं. साठी उलटलेला माणूस माकडासारखा लोंबकळतोय, पण कुणी हसलं नाही.

"चला," म्हणाले.

सासऱ्यांनी दांडा धरला. औषधवाली पुढे झाली, तसा त्यांनी दुसऱ्या हातानं तिला मागेच राहायची खूण केली. एकेक पाऊल टाकत निघाले. आम्ही तिघं उगाचच खोक्यांकडे बघत राहिलो. न्हाणीघराचं दार पूर्ण लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

औषधवाली मटकन एका खोक्यावर बसली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. ह्यांनी तोंड फिरवून ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली. बाहीनं डोळे पुसले, पण भुकटीनं माखलेली भिंत काही पुसली नाही.

"काकू," डोळे पुसत ती मला म्हणाली, "कात्री आणता का वरून? सगळ्या दोऱ्या कापून टाकू."

माझा जीव भांड्यात पडला. गुडघे दुखतात हे विसरून मी जिना चढले.