चौदा एप्रिलचं गाणं

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला सकाळी वंदना होते, झेंडा लागतो, आणि ऊन उतरल्यावर मिरवणूक निघते. मिरवणूक निघायच्या आधी, ट्रकचं इंजिन चालू व्हायच्या आत, माझी बायको गायची. थंडीत तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेली ती चालत, आणली ती झाकून. म्हणजे यंदाची जयंती तिच्याशिवायची पहिली.

मार्चमध्येच मंडळाचा अध्यक्ष दारात आला. चांगला माणूस आहे, रिक्षा चालवतो, बोलताना मान खाली घालतो.

"काका, काकींचं गाणं यंदा..."

"यंदा काय?"

"नाही, म्हणजे डीजेवाला लवकर बोलवू का? ती जागा रिकामी राहील ना."

"रिकामी का राहील? गाणं होणार."

तोंडातून गेलं ते गेलं. तो "बरं काका" म्हणून निघून गेला आणि मी दारातच उभा. गाणार कोण, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मी शिकलेला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. डोंबिवलीच्या केमिकलच्या कंपनीत ड्रम लोटण्यात उमर गेली. पण ढोलकी वाजवतो. आणि या एका तारखेला मी जेवढं गाणंबजावणं पाहिलंय तेवढं कुणी बारा महिने फिरूनही पाहिलं नसेल. लोकांना वाटतं, गाण्याचा इतिहास म्हणजे मोठ्या माणसांचा. कुठल्या गाण्याची प्लेट कधी निघाली, कोण कधी मेलं. आमचा इतिहास चौदा तारखेला एका मैदानात घडला, कल्याण आणि विठ्ठलवाडीच्या मधल्या या मैदानात. आता त्याच्या अर्ध्यात पार्किंग आहे.

मी इथे राहायला आलेलो तेव्हा जयंतीला गायनपार्टी यायची. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि शाल पांघरलेला गायक. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या आणि सवालजवाब रंगायचा. एक जण गाण्यातून विचारणार, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर नाही जमलं तर लोक उठवून लावायचे. मग भोंगा आला. पहिल्या वर्षी गायकाला माईकची सवय नव्हती, तो आपला नेहमीसारखा ओरडला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कान धरून मागे सरकल्या. मग कॅसेट आली आणि गायनपार्टी बोलवायचं हळूहळू बंद झालं. प्रत्येक खोलीतून वेगळी कॅसेट. चाळीतून चालत गेलं की दर चार पावलांवर गाणं बदलायचं. मग बेंजो, मग डीजे. डीजे पहिल्यांदा आला त्या चौदा तारखेला आमच्या खिडकीची काच गेली. ही म्हणाली, "गाणं ऐकायला येत नाही ते येत नाही, काच फुकट गेली."

या सगळ्यात तिचं गाणं टिकलं. का टिकलं ते सांगतो.

गायनपार्टी यायची बंद झाली त्या वर्षी बाया रुसल्या. सवालजवाब नाही म्हणजे काय जयंती? तर ही म्हणाली, आपणच विचारू, आपणच सांगू. मागे कोरसला बाया उभ्या केल्या. त्या एवढंच म्हणायच्या:

सांग गं बाई, यंदाचं काय?

आणि ही उत्तर द्यायची. उत्तर दर वर्षी नवीन. चौदा तारखेपासून चौदा तारखेपर्यंत वस्तीत जे घडलं ते ओळीत बसवायची. नळ बसवला आणि पाणी आलं नाही, तेव्हा गायली: "नळ आला दारात, पाण्याचा पत्ता नाय." मुंबईतली गिरणी बंद पडून आमच्या चाळीतले बाप्ये घरी बसले, तेव्हा: "भोंगा झाला गप, पण चूल गप नाय." बाया पुन्हा विचारायच्या, यंदाचं काय? ही पुन्हा सांगायची. लोक हसायचे, रडायचे, शिट्ट्या मारायचे. ज्याच्यावर ओळ आली तो वर्षभर छाती फुगवून फिरायचा.

ती लोकांकडे धुणीभांडी करायची. ठाकुर्लीला तीन घरं, डोंबिवलीला दोन. ओळी भांडी घासताना जुळवायची आणि डोक्यात ठेवायची. मला आधी कधी सांगितल्या नाहीत.

"मला तरी सांग की. ठेका मला धरायचाय."

"ठेका धर. शब्दांशी तुला काय करायचंय?"

ढोलकीवाल्याचं असंच असतं. हात चालू असताना शब्द कानावरून जातात. ओळ कुठे सुरू होते, कुठे वळते, बाया कुठे उचलतात, ते माझ्या बोटांना झोपेतही कळेल. शब्द विचाराल तर मधलं सगळं धुकं. वर लिहिलेल्या दोन ओळी राहिल्या, कारण त्या लोक नंतर बोलण्यात वापरायला लागले.

आणि एक गोष्ट मनात होती, ती लिहूनच टाकतो. तिने माझ्यावर कधी ओळ केली होती का? मला आठवत नव्हतं. पण मला कुठे काय आठवत होतं? असेलही एखादी, ठेक्याच्या नादात निसटलेली. ती मला पाहिजे होती. गाणं होणार असं मी अध्यक्षाला सांगितलं ते वस्तीसाठी, हे खरं. पण दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरायला लागलो ते त्या ओळीसाठी.

मुलीला फोन केला. ती डोंबिवलीला असते.

"तू मागच्या वर्षी मोबाईलवर घेतलंयस ना?"

"घेतलंय आबा. पाठवते."

पाठवलं. पोरगी कोरसला उभी, मोबाईल तिच्याच हातात. तर त्यात सगळा तिचाच आवाज, "यंदाचं काय, यंदाचं काय." आईचा आवाज लांबून, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. मी तो पुन्हा पुन्हा कानाला लावला. आवाज तिचा आहे एवढं कळतं. काय म्हणते ते कळत नाही. त्यापेक्षा नसतं तर बरं होतं.

मग चाळीत विचारत गेलो. कोपऱ्यावरच्या टेलरला विचारलं, काही आठवतं का. त्याने मशीन थांबवलं, डोळे मिटले आणि सुरात म्हणून दाखवलं: "टेलरची झाली मान वाकडी, पण शिलाई वाकडी नाय." खूश झाला स्वतःवर.

"अजून?"

"अजून म्हणजे?"

"दुसऱ्या कुणावरची."

"दुसऱ्याचं मला काय माहीत?"

तसंच पुढे. ज्याची मुलगी नर्स झाली त्याला नर्सची ओळ पाठ. ज्याने विहाराच्या फरशीला वर्गणी गोळा केली त्याला फरशीची. एकाला विचारलं तर तो लाजला.

"माझ्या दारूवर ओळ काढली होती काकीने. माईकवर."

"मग?"

"मग काय, त्याच दिवशी सोडली."

आतून त्याची बायको ओरडली, "त्या दिवशी कुठे? मिरवणुकीत पिऊन नाचत होतास!"

"बरं, दुसऱ्या दिवशी सोडली."

प्रत्येकाकडे आपापली ओळ. दुसऱ्याची कुणाकडे नाही. आणि माझी तर कुणाकडेच नाही. मी थेट विचारत नव्हतो, कुठल्या तोंडाने विचारणार? म्हातारा येडा झाला म्हणाले असते. पण ओळी गोळा करताना कान तिकडेच असायचे.

शेवटी वहिनीकडे गेलो. वहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. हिच्याबरोबर कोरसची पहिली, ती आजपर्यंत. दोघींनी एकाच नळावर आयुष्य काढलं. मी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"बसा भाऊजी. ऐकलं, दारोदार फिरताय. सेल्समन झालात काय?"

"तुला तिच्या ओळी आठवतात का?"

"एकेक दोन दोन. पण त्या गोळा करून काय लोणचं घालणार?"

"गाणं करायचंय. जुन्या ओळी जुळवून म्हणू."

तिने ताट खाली ठेवलं. "भाऊजी, तिने कधी मागच्या वर्षीचं गायलं होतं का? शिळं म्हणून तिने नळाची ओळ दुसऱ्या वर्षी म्हटली नाही. लोक ओरडले तरी म्हटली नाही. बाया विचारणार यंदाचं काय, आणि तुम्ही सांगणार गिरणी बंद पडली? हसतील लोक."

बाई खरं बोलत होती. मी जे शोधत फिरत होतो ते असं एक गाणं नव्हतंच. मग विचारूनच टाकलं, जे कुणाला विचारलं नव्हतं.

"माझ्यावर कधी ओळ केली का गं तिने?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. आधी हसली, मग हसू आवरलं.

"नाही भाऊजी."

"एकदाही नाही?"

"मी म्हटलेलं तिला एकदा. सगळ्या गावावर गातेस, नवऱ्यावर एक टाक. तर म्हणाली, तो समोर ढोलकी घेऊन बसलेला असतो, तोंड वासून. त्याच्यावर म्हणायला गेले तर मला हसू फुटेल आणि गाणं पडेल."

"तोंड वासून?"

"वासताच तुम्ही. वाजवताना. सगळ्यांना माहीतेय."

मला माहीत नव्हतं. घरी येऊन आरशात पाहिलं, मांडीवर ठेका धरून. खरंच वासतो.

चौदा तारीख आली. सकाळी वंदना झाली, झेंडा लागला. तिचा फोटो मुलीने विहारातल्या टेबलावर ठेवला, मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. ऊन उतरलं, ट्रक आला, डीजेवाल्याने भिंतीएवढे स्पीकरचे डबे चढवले. अध्यक्ष माझ्याकडे पाहत उभा. मी ढोलकी घेतली, कातड्यावरची शाई तपासली, दोऱ्या ताणल्या आणि जाऊन नेहमीच्या जागी बसलो. बाया मागे उभ्या राहिल्या, वहिनी पहिली, माझी पोरगी शेवटची. मध्ये माईक. माईकपुढे कुणी नाही.

ठेका सुरू केला. बायांनी आपोआप उचललं:

सांग गं बाई, यंदाचं काय?

आणि तिची ओळ सुरू व्हायची ती जागा आली. कुणी बोललं नाही. मी वाजवत राहिलो. तिची ओळ जेवढी लांब असायची तेवढं वाजवलं, वळणावर वळलो, आणि शेवटी बायांना उचलायची खूण दिली. त्यांनी उचललं. पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज कापत होते. मैदानात पोरांनी मोबाईल खाली घेतले.

दुसऱ्यांदा ती जागा आली आणि मला राहवलं नाही. मला सूर नाही. गाता येत नाही, कधी गायलो नाही. बसल्या जागेवरून, माईकशिवाय, जे तोंडात आलं ते मोठ्याने म्हटलं:

"यंदा ती नाय."

एवढंच. ओळ लांबीला कमी पडली. उरलेली ढोलकीने भरली. मला वाटलं, आता थांबेल. पण बायांना इतक्या वर्षांची सवय. ओळ संपली की विचारायचं. त्यांनी डोळे पुसत पुसत पुन्हा विचारलं, सांग गं बाई, यंदाचं काय? मी काय सांगणार? माझ्याकडे तेवढीच बातमी होती.

तेव्हा वहिनी माईकपुढे आली. पदर खोचला. तिचा आवाज चिरका आहे, तिला कधी कुणी पुढे उभं केलं नव्हतं. माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली:

"भाऊजी भात रांधतात, मिठाचा पत्ता नाय!"

मैदान हसलं. सगळं मैदान. तो दारू सोडलेला तर खाली बसून हसला. माझी पोरगी रडता रडता हसली. माझा ठेका चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला, आणि मी तोंड मिटायला विसरलो ते लोकांनी पाहिलं. बायांनी मला सांभाळून घेतलं, पुढचं यंदाचं काय जरा लांबवलं. मग वहिनीने अजून तीन ओळी म्हटल्या. पार्किंगवर एक, गटारावर एक, आणि टेलरच्या नातवाला नोकरी लागली त्यावर एक. बेसूर म्हटल्या. पण यंदाच्या म्हटल्या.

मग डीजे लागला आणि ट्रक हलला. मी ढोलकी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिलो. माणसं जाताना खांद्यावर हात ठेवून गेली. "काका, मीठ टाका!" पोरं ओरडत गेली. आता हे वर्षभर चालणार.

वहिनी घाम पुसत आली.

"रागावलात?"

"नाही."

"खोटं बोलू नका. तुम्हाला एक पाहिजे होती म्हणून केली."

"चांगली केलीस," मी म्हटलं. आणि ओळ खरंच चांगली होती. ठेक्यात बसली, लोक हसले, माझ्यावर होती. पण मला ती बायकोच्या तोंडून पाहिजे होती. तिला मध्येच हसू फुटलं असतं आणि गाणं पडलं असतं, तर पडू द्यायचं होतं.