काकांच्या गिलासातला फेस

माझे काका बेला गावातल्या कल्लू ताडीवाल्याच्या दुकानात रोज संध्याकाळी एकच गिलास ताडी पितात. गेल्या उन्हाळ्यात ते चक्कर येऊन अंगणात पडले, तेव्हापासून काकूने तेवढीच परवानगी ठेवली आहे. हक्काचा गिलास एकच उरला की माणूस त्याच्याकडे फार बारकाईने बघू लागतो. अर्धा लिटर म्हणून मिळणाऱ्या त्या गिलासात निम्मा फेसच असतो, हे काकांच्या लक्षात आलं.

मी शाळेत ग्राहकांचे हक्क शिकवतो, हे माझं दुर्दैव. काका मला साक्षीला घेऊन गेले. सोबत पिशवीत काकूचं दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं माप. मी बाकावर मान खाली घालून बसलो, न जाणो एखादा पालक भेटायचा.

फेस बसू दिला, मग ताडी मापात ओतली. माप निम्मंही भरलं नाही.

"काऊन बे, आमी काय फेस प्याले येतो?" काका ताडीवाल्यावर गरजले. "गिऱ्हाइकाचा हक्क असते! इचार या मास्तरले!"

मी घसा साफ केला, पण शिकवलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. तेवढ्यात काकांची नजर शेजारच्याच्या गिलासावर गेली. काठोकाठ. पलीकडचाही तसाच. इतके दिवस ते फक्त आपल्याच गिलासाकडे बघत होते.

"म्हंजे एकट्या मलेच लुटून राह्यला तू!"

ताडीवाला जरा घुटमळला. "काकूनं सांगतलं," तो म्हणाला. "म्हने, कमी दिली तं भांडतीन. उंचावरून धार सोड, फेस येऊ दे. तुमी पडले तवा लय घाबरली होती ना ते."

सगळं दुकान खो खो हसलं. मीही हसलो. काका हसले नाहीत. मापातली ताडी त्यांनी मापानेच पिऊन टाकली, माप तिथल्या रांजणावर विसळलं आणि आम्ही निघालो. आता घरी महाभारत, असं मी धरूनच चाललो.

काकू चुलीपुढे भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती पेले?"

"एक."

"भरून होता?"

काकांनी माप हळूच दुधाच्या गंजाशेजारी ठेवलं. त्या क्षणी ते मला फार आवडले.

"काठोकाठ," ते म्हणाले.