चाचांच्या जीपचं पुस्तक

एटापल्लीहून आमच्या गावाकडे येताना दोन नाले लागतात. पहिल्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल होता, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. पावसाळ्यात एसटी पहिल्या नाल्याशी थांबायची आणि तिथून पुढे पायी. मी चंद्रपूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले, त्या उन्हाळ्यात चाचांनी जीप घेतली. शतक संपायला तेव्हा दोन-तीन वर्षं उरली असतील.

चाचा म्हणजे आमच्या गावातले कापडवाले. गावात मुसलमानांचं ते एकच घर, आणि दुकानही तेवढंच. आठवड्याचे पाच दिवस ते वेगवेगळ्या गावच्या बाजारांत लुगडी, लुंग्या, शाळेचे गणवेश विकायचे. मी लहान असताना ते सायकलच्या मागे गठ्ठा बांधून जायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी जाणार असं ठरलं तेव्हा माझ्या मापाचे दोन ड्रेस चाचीने स्वतः शिवून दिले होते.

ती जीप मोठी नव्हती. आखूड, हलकी, वर पत्र्याचं छत, मागे समोरासमोर दोन बाकं. आता शहरात असल्या गाडीला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. चंद्रपूरच्या एका माणसाने वापरून विकलेली होती. गावात आली त्या दिवशी गायत्याने, आमच्या गावदेवाच्या पुजाऱ्याने, तिच्या बॉनेटवर तांदूळ ठेवले आणि चाचीने आरशाला हिरवा धागा बांधला. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही.

मला ती गाडी फार आवडली, हे सरळच लिहिते. सागाच्या दोन झाडांमधून जिथे बैलगाडी निघते तिथून ती निघायची. ट्रक रुतायचा त्या वाळूतून ती शेपटी हलवत जायची. कापडाचे गठ्ठे, गुरुजींची पेटी, कोंबड्या, बाजाराहून येणाऱ्या बाया, सगळे तिच्यात बसायचे आणि तरी ती चढावर दमायची नाही. चाचाही तिला जपायचे. उन्हाळ्यात जंगलातल्या वाटेवर सुक्या पानांचा थर असतो. गरम सायलेन्सरला पानं अडकली तर पेटतात. म्हणून चाचा थोड्या थोड्या अंतरावर थांबून, वाकून, काठीने गाडीच्या पोटाखालची पानं ओढून काढायचे. आणि नाल्यात पाणी असलं तर आधी पायजमा गुडघ्यावर घेऊन स्वतः पलीकडे जाऊन यायचे.

"गाडीले पोहता येत नाई बेटी, मले येते," ते म्हणायचे.

गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. इंग्रजी. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी अडखळत. एका सकाळी ते पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर आले.

"तू इंग्रजी वाचते ना?"

"थोडं थोडं, चाचा."

आई आत मोहाची फुलं निवडत होती. तिथूनच म्हणाली, "थोडं काऊन? सालभर तेच तं वाचून राह्यली."

मग मी वाचायला बसले. चाचा समोर, आई दारात, शेजारचे तिघं-चौघं भिंतीला टेकून. हवा किती भरायची, तेल कधी बदलायचं, हे मला समजलं. मी ते मराठीत सांगितलं की चाचा मान हलवायचे आणि आई शेजाऱ्यांकडे बघायची. मला आतून बरं वाटत होतं. मग एक पान आलं. त्यावर पुढच्या चाकाचं चित्र होतं. चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक चकती आणि तिच्याकडे दाखवणारा बाण. खाली आठ-दहा ओळी. मी त्या दोनदा मनात वाचल्या. माझ्या पॉकेट डिक्शनरीत एक शब्द सापडला, त्याचा अर्थ दिला होता 'चाकाचा मध्यभाग'. बाकी काहीच लागेना.

"काय म्हणते?" चाचांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही समजलं, एवढंच म्हणायचं होतं.

"चाकाचा हा मधला भाग साफ ठेवाले सांगतलं आहे," मी म्हणाले, आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा कसा ओढायचा ते होतं. ते मला समजलं आणि मी नीट सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचा रोज सकाळी नमाज झाल्यावर एक फडकं घेऊन पुढच्या दोन चाकांसमोर उकिडवे बसायचे. फडक्यावर थोडं तेल घ्यायचे आणि त्या चकत्या घासायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "किताबमध्ये लिहिलं आहे." मी आमच्या अंगणातून ते बघायचे. एकदोनदा वाटलं, जाऊन सांगावं. पण चकत्या साफ ठेवल्याने काय बिघडतं, असं म्हणून मी गप्प राहिले. जून लागला आणि मी चंद्रपूरला गेले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी हॉस्टेलजवळच्या रस्त्यावर तशीच एक गाडी दिसली. पाइपलाइनसाठी खणलेल्या चिखलात ती अडकली होती. ड्रायव्हर उतरला, पुढच्या चाकाशी वाकला, मधली चकती बोटांनी धरून फिरवली. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही फिरवली. मग आत बसून दांडा ओढला आणि गाडी बाहेर आली.

मी तिथेच उभी होते. मला अनोळखी माणसाशी बोलायला जड जातं, पण मी विचारलं, "भाऊ, ते काय फिरवलं?"

"हे फिरवल्याबिगर पुढची चाकं ओढत नाई, ताई. नुस्ता दांडा ओढून काई होत नाई. अन् कोणी हात लावत नाई म्हणून जाम होऊन बसते. मंग हातोडीनं ठोकत बसा."

त्या रात्री मी जेवले नाही. चाचा पावसाळ्यात दांडा ओढून, चारही चाकं आपल्याला नेतील या भरवशावर, नाल्यात गाडी घालत असतील. पत्र लिहावं म्हणून बसले. 'ती. चाचांना' एवढं लिहून कागद वहीत ठेवून दिला.

पोळ्याच्या सुट्टीत घरी आले. दुसरा नाला कमरेला पदर खोचून ओलांडला. आईने भात वाढता वाढता सांगितलं, "चाचा गाडी इकून राह्यले."

जुलैत ती दोनदा नाल्यात फसली होती. मधोमध, गठ्ठे आत असताना. अर्ध्या बाजाराचं कापड भिजलं. दोन्ही वेळा दोन बैलजोड्यांनी ओढून काढावं लागलं. गाव तेवढ्यावर थांबलं नव्हतं.

"चार चाकांची ताकद म्हणे! सोळा पाय लागले बाहेर काढाले."

"चाचा, औंदा पोळ्याले जीपवर झूल टाका. तोरणाखाली आमच्या बैलांसंगं उभी करा."

चाचा हसले म्हणे. पण आठवड्याने एटापल्लीच्या एका ठेकेदाराला शब्द टाकला. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होता. चाची आईला म्हणाली होती की ते आता सायकलच्या टायरमध्ये हवा भरून बघतात. चाचांचं वय तेव्हा साठीला आलं होतं.

पोळ्याच्या दिवशी मी काहीच बोलले नाही. सगळा गाव बैलांभोवती होता. जीप चाचांच्या दारात चिंचेखाली होती आणि पुढच्या दोन चकत्या उन्हात चमकत होत्या. ते अजूनही पुसत होते. गाडी विकायला काढली तरी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांकडे गेले. आई मागोमाग आली. चाचीला पोळ्याची पुरणपोळी द्यायची होती तिला. चाचा फडकं घेऊन बसलेच होते.

"चाचा, ते पान मले समजलंच नव्हतं."

"कोणतं पान?"

"चाकाचं. साफ ठेवा असं कुठी लिहिलं नाई. मी मनानं सांगतलं. ही चकती फिरवाची असते. फिरवल्याबिगर पुढची चाकं कामच करत नाई. तुमची गाडी वाईट नाई चाचा. माह्यामुळं फसली."

चाचांचा हात चकतीवरच थांबला. आईने ताटली चाचीकडे दिली नाही, तशीच धरून राहिली. मला आईकडे बघवेना.

"तीन महिने," चाचा हळूच म्हणाले. "तीन महिने मी रोज इथी बसून राह्यलो."

मी मान खाली घातली. त्यांनी चकती धरली. मला त्या ड्रायव्हरचं बोलणं आठवत होतं, आता ही जाम असणार. पण ती फिरली. अगदी सहज, डब्याचं झाकण फिरावं तशी. रोज तेल खाल्लेली होती ती. चाचांनी ती उलटी फिरवली, परत सुलटी फिरवली, आणि एकदम हसायला लागले.

"अवं, पाह्य इकडे! खोटं सांगून पोरीनं गाडीची मालिश करवली माह्याकडून!"

"मंग? तुमची तं कोणी करत नाई," चाची आतून म्हणाली.

आई हसली नाही. ती मला म्हणाली, "मले तं वाटे तुले सारं येते." ते मला चाचांच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त लागलं.

आम्ही तिघं जीपने नाल्यावर गेलो, चाचा, मी आणि आई. पाणी मांडीला लागत होतं. चाचा उतरायला लागले, पण मी आधीच काठी घेऊन पाण्यात गेले. तळ कुठे वाळूचा आहे, कुठे गोटे आहेत, ते बघत पलीकडे पोचले आणि हात वर केला. चाचांनी दोन्ही चकत्या फिरवल्या, दांडा ओढला. गाडी पाण्यात उतरली. मधोमध आली, थोडी डुगडुगली, जिथे दोनदा फसली होती तिथे इंजिनचा आवाज जड झाला, आणि मग पुढची चाकं वाळूला धरताना मला दिसली. ती गाडीला ओढत होती. गाडी पाणी गाळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आई आत बसली होती, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून.

दुपारी ठेकेदार आला. चाचांनी त्याला चहा पाजला, चकत्या फिरवून दाखवल्या, कशा बिनआवाजाच्या फिरतात ते सांगितलं आणि गाडी द्यायची नाही म्हणाले. तो थोडा चिडला. पण उरलेली पुरणपोळी खाऊन गेला.

संध्याकाळी चाचा पुस्तक घेऊन पुन्हा आमच्या ओसरीवर आले.

"पह्यल्या पानापासून वाच."

मी डिक्शनरी आणि पेन्सिल घेऊन बसले. आई दारात येऊन बसली, आपल्या नेहमीच्या जागी. तिसऱ्याच ओळीला मी थांबले.

"हे मले येत नाई, चाचा."

"मंग तिथी खूण कर," ते म्हणाले, "अन् पुढं चाल."