नाकतोड्याचे दोन काटे

नाकतोड्याचा काटा लाल पट्ट्यात गेला की गॅरेजांच्या त्या गल्लीत निम्म्या लोकांना मनातून बरं वाटायचं. तोंडाने सगळेच हळहळायचे, ती गोष्ट वेगळी.

नाकतोडा म्हणजे दाभणताईंची गाडी. पोपटी रंग, लांब नाक, दोनच सीटा, वर कापडी टप, आणि जमिनीला इतकी लगटलेली की उतरताना कशाला धरायचं ते माणसाने आधीच ठरवून ठेवावं. स्पोर्ट्स कार म्हणून जन्माला आली त्याला चाळीस वर्षं उलटून गेली होती. आणि दाभणताई म्हणजे गल्लीच्या टोकाला, टायरवाल्याच्या शेजारी, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बाई. वय एकसष्ट. हातात कायम दाभण असतं म्हणून हे नाव पडलं, असं लोक त्यांच्या तोंडावर सांगायचे. पाठीमागे दुसरं कारण सांगायचे, आणि सांगणाऱ्याला ताईंची जीभ कधी ना कधी टोचलेली असायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलंच, तर त्या शांतपणे उलट विचारायच्या, "तुम्ही का केलंत?" समोरचा खरोखर विचारात पडायचा.

ही गाडी एका डॉक्टरांनी सीटा शिवायला म्हणून आणून लावली आणि ते परदेशी निघून गेले ते गेलेच. पुढे त्यांनी कागदपत्रं पाठवून दिली, सोबत चिठ्ठी, तुम्हीच ठेवा. ताईंनी वर्षानुवर्षं खपून गाडी उभी केली. मग बावन्नाव्या वर्षी चालवायला शिकल्या. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात आजारपणाची रजा टाकली, पण ताई शिकल्या.

त्यांच्या धाकट्या भावाला हे प्रकरण कधीच पचलं नाही. ताई त्याच्याच घरात, वरच्या खोलीत राहायच्या. भावाची नोकरी कचेरीत आणि स्वभावही कचेरीसारखा. काहीही समोर आलं की आधी नाही म्हणायचं. बहीण उघड्या गाडीतून, डोक्याला रुमाल बांधून, चौकातून वळते हे त्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी इंजिन तापल्याचा काटा लाल पट्ट्यात जायला लागला, तेव्हा सगळ्यात जास्त काळजी त्यानेच दाखवली.

गल्लीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी आधी थर्मोस्टॅट बदलला. काटा लाल. मग पाण्याचा पंप बदलला. काटा लाल. शेवटी सोमवारी त्यांनी फडक्याला हात पुसले आणि भर गल्लीत निकाल दिला.

"ताई, इंजिनाचं हेड गेलं. हिला आता कुणा हौशी माणसाच्या गळ्यात बांधा आणि मोकळ्या व्हा."

"पाणी बाहेर उडतंय का?"

"नाही."

"वाफ?"

"नाही."

"तेलात पाणी उतरलंय?"

"अजून तरी नाही."

"मग ताप आलाय कुणाला, गाडीला की तुम्हाला?"

"अहो, काटा सांगतोय ना."

"काटा सांगतोय. काट्याची तब्येत विचारली का कुणी?"

भाऊ तिथेच उभा होता. उभा कसला, तयारीनेच आला होता. "ताई, मी एका गिऱ्हाइकाशी बोललोय. शनिवारी येतोय तो. आहे तशी घेऊन जाईल. आता वय झालं तुझं, बास झाली हौस."

वय हा शब्द त्याने काढायला नको होता. ताईंनी हातातलं दाभण रेक्झिनच्या गुंडाळीत खुपसलं आणि टायरवाल्यालासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शनिवारी सकाळी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मी गाडी नेणार. तू शेजारी बसायचंस. काटा एकदा जरी लाल पट्ट्याला शिवला, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन आणि पुन्हा कुठल्याच स्टिअरिंगला हात लावणार नाही. आणि नाही शिवला, तर मी मरेपर्यंत तू या गाडीचं नाव काढायचं नाहीस."

बोलून गेल्या. ऐकायला अख्खी गल्ली होती, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी भावजयीचा जाम करायचा थर्मामीटर उचलला.

"वन्सं, त्याने परत जाम करायचाय मला."

"कर की. चव येईल."

गाडी थंड असताना त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, थर्मामीटर पाण्यात सोडला आणि मग इंजिन सुरू केलं. भावजय काट्यावर नजर ठेवून आत बसली. पाणी पंच्याऐंशी अंशांवर गेलं आणि तिथेच थांबलं. इंजिनाची प्रकृती उत्तम होती. काटा मात्र लाल पट्ट्यात जाऊन बसला होता.

मिस्त्रींना हे दाखवलं तर ते म्हणाले, "स्वयंपाकघरातल्या यंत्राला इंजिनातलं काय कळणार?" तरी बुधवारी त्यांनी इंजिनातला सेन्सर बदलून दिला. नवा सेन्सर, तोच काटा, तोच लाल पट्टा. मिस्त्री म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?" ताई गाडी घेऊन निघून गेल्या. गल्लीने एवढ्यावरूनच अंदाज बांधला की बाई खचली.

खचल्या नव्हत्या. पण त्याच दुपारी एक गंमत झाली. एका गिऱ्हाइकाची सीटकव्हरं पोचवून परतताना नाकतोडा भर रस्त्यात ठसकला आणि बंद पडला. पेट्रोल संपलं होतं. आणि पेट्रोलचा काटा तर सांगत होता की टाकीत अजून चांगलं पाव भागाच्या वर आहे. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. ताई हलल्या नाहीत. दोन्ही काट्यांकडे बघत बसून राहिल्या.

तापाचा काटा खोटं बोलत होता आणि त्याच्या शब्दावर दोन महिने गाव गोळा झालं होतं. पेट्रोलचा काटाही खोटं बोलत होता, पण तो चांगली बातमी देत होता, म्हणून त्याची तक्रार कुणी केली नव्हती. टाकी भरलेली दिसते म्हणून कोण डॉक्टरकडे जातं? आणि दोघांचं खोटं एकाच दिशेचं होतं, जास्तीचं. दोन साक्षीदार शब्दाला शब्द तीच थाप मारतात, तेव्हा त्यांना पढवणारा कुणीतरी एकच असतो.

मागून पुन्हा हॉर्न वाजला. ताईंनी खिडकीतून हात काढून पुढे जायची खूण केली आणि पंपावर कॅन घेऊन चालत गेल्या. परत आल्यावर कापड बेतायची लाकडी गजपट्टी टाकीत बुडवून पेट्रोल मोजलं, मगच गाडी हलवली. त्या दिवसापासून पट्टीला जो वास लागला तो लागलाच.

गुरुवारी त्यांनी गाडीचं जुनं पुस्तक काढलं. तारांचा नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. पण कापडाचा बेत आयुष्यभर वाचला होता. कुठली शिवण कुठे जाऊन मिळते, एवढंच तर बघायचं. तापाच्या काट्यापासून एका रेघेवर बोट ठेवलं, पेट्रोलच्या काट्यापासून दुसरीवर, आणि दोन्ही बोटं एका लहानशा चौकोनावर येऊन भेटली. पुस्तकात त्याखाली लिहिलं होतं, दोन्ही काट्यांना बेताची वीज देणारी डबी. हिचं अंग गाडीच्या पत्र्याला टेकलेलं पाहिजे, नाहीतर ती वीज आवरत नाही, सगळीच्या सगळी पुढे सोडते.

मग ताई गाडीत उलट्या शिरल्या. डोकं पेडलांपाशी, पाय सीटच्या पाठीवर. भावजय टॉर्च धरून दारात उकिडवी बसली आणि रस्त्याने जाणाऱ्यांना सांगू लागली, "काही नाही, वन्सं आहेत."

डबी सापडली. आणि ती सापडली तशा ताई बोलायच्या थांबल्या, ही घटना भावजयीने पुढे कित्येक वर्षं सांगितली.

डबीच्या खाली जाड फेल्ट होता, नमद्यासारखा. राखाडी, कडा दुमडून शिवलेला, टाका न् टाका सरळ. दोन महिन्यांपूर्वी डॅशबोर्ड खडखडतो म्हणून ताईंनी स्वतः आतून तो मढवला होता. आणि स्क्रूने कापड फाटू नये म्हणून, जसा त्या जन्मभर प्रत्येक सीटला घालत आल्या, तसा स्क्रूभोवती काळ्या प्लास्टिकचा नळीसारखा बुश आणि चकतीसारखा वायसरही घातला होता. डबीला पत्रा मिळणार कुठून? तिला ताईंनीच मऊ गादीवर निजवलं होतं. गल्लीत दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं तर गबाळं केलं असतं, कापड फाटलं असतं, आणि काटे बिचारे खरं बोलत राहिले असते.

ताई बाहेर आल्या. वायसर तळहातावर होता.

भावजय हळूच म्हणाली, "काढून फेका आणि गप्प बसा. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की."

"मिस्त्री वर्षभर हसतील."

"हसू देत. त्यांनाही कधीतरी कारण मिळायला पाहिजे."

त्यांनी डबीखालचा फेल्ट कात्रीने चौकोनी कापला, पत्रा घासून चकचकीत केला, डबी त्यावर कसली, आणि भरवसा नको म्हणून डबीपासून पत्र्यापर्यंत एक तारही ओढली. कापलेली कड मात्र पुन्हा दुमडून शिवली. त्याशिवाय त्यांना राहवलं नसतं.

शुक्रवारी चहाच्या वेळी त्या मिस्त्रींच्या गॅरेजात गेल्या आणि चार माणसांत वायसर टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. मिस्त्रींच्या मिशीत हसू मावेना.

"म्हणजे दोन महिने हे तुम्हीच करून ठेवलं होतंत?"

"मीच. आणि दोन महिने तुम्ही एक धडधाकट इंजिन दुरुस्त करत होतात. आता कुणी कुणाला हसायचं ते ठरवा, मी थांबते."

ठरलं नाही. चहा मात्र मिस्त्रींनी मागवला.

शनिवारी सकाळी गिऱ्हाईक पाकीट काखेत मारून हजर होतं. भाऊ गुडघे हनुवटीला लावून शेजारच्या सीटवर बसला. गल्ली दारात. ताईंनी रुमाल बांधला आणि नाकतोडा टेकडीला लावला.

भावाने रस्ता पाहिलाच नाही, काटाच पाहिला. काटा उठला, हळूहळू मधल्या रेघेपर्यंत आला. शेवटच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागली, तसा तो रेघ ओलांडून बोटभर वर सरकला. भाऊ पुढे झुकला. ताईंच्या पाठीवरून घाम ओघळत होता, पण त्यांनी पाय काही सैल केला नाही.

"वर चाललाय," भाऊ म्हणाला.

"चढावर तूही तापतोस."

वळण संपलं, टाकी दिसली, आणि काटा पुन्हा मधल्या रेघेवर येऊन स्थिर झाला. लाल पट्टा तिथून बराच लांब होता.

वर वारा होता. भावाने उतरायला धडपड केली, जमेना, तेव्हा ताईंनीच हात देऊन त्याला ओढून काढलं. खाली सगळं गाव पसरलं होतं, त्यांची गल्लीही कुठेतरी. भाऊ बराच वेळ गाडीभोवती फिरला. पोपटी नाकावरून त्याने एकदा बोट फिरवलं. मग घसा खाकरला.

"ताई, उतारावर थोडी मी चालवू का?"

ताई स्टिअरिंगमागे बसल्या. किल्लीच्या कडीत काळा वायसर अडकवलेला होता.

"तू हिचं नाव काढायचं नाही असं ठरलंय ना?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.